सुपारीचा डाग

ईश्वरदास पराते याला तंबाखूची सवय मागावर लागली. सोळाव्या वर्षी तो तांडापेठेतल्या घरात बापाच्या शेजारच्या मागावर बसू लागला. दुपारचं जेवण झालं की धोटा फेकता फेकता डोळे मिटायचे, धागे तुटायचे, आणि बाप ओरडायचा. शेवटी काकाने त्याच्या तळहातावर तंबाखू-सुपारीची चिमूट ठेवली आणि म्हटलं, "हे धर गालात. झोप येत नाही."

झोप खरंच आली नाही. पुढे बाप गेला, माग मोडले, विणलेल्या साड्या कोणी घेईना, आणि ईश्वरदास सीताबर्डीला ओमप्रकाश शेठच्या कापड दुकानात गादीवर बसू लागला. तिथे झोप येण्याचं कारणच नव्हतं. पण तोवर तंबाखूचा खर्रा झाला होता. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घालून गिरिधर पानठेलेवाला तळहाताने घोटून द्यायचा. सकाळी एक, जेवणानंतर एक, चारच्या चहानंतर एक, घरी जाताना एक. ह्याशिवाय मधलेआधले.

एका गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. एवढी वर्षं तोंडात खर्रा धरून त्याने कापड दाखवलं, मोजलं, फाडलं, पण कापडावर कधी थेंब पडू दिला नाही. "कोष्ट्याच्या हातात कापड खराब होत नाही," असं तो नव्या नोकरांना सांगायचा. थुंकायला तो उठून दुकानामागच्या बोळात जायचा. त्या बोळातली भिंत कमरेइतक्या उंचीपर्यंत तपकिरी झाली होती. तिच्याकडे त्याने कधी नीट पाहिलं नव्हतं. थुंकताना तो पाहतच नसे. मान वळायची, ओठ जुळायचे, झालं. पापणी लवते तसं.

एक्याऐंशी सालच्या दसऱ्याला दुकान दुपारी बंद झालं. ईश्वरदासची बहीण अजनीकडे राहायची. तिच्याकडे सोनं द्यायला जावं म्हणून त्याने बर्डीवरून बस धरली. खिडकीजवळची जागा मिळाली. गिरिधरकडून घेतलेला ताजा खर्रा गालात होता. रस्ता माणसांनी भरून गेला होता. त्या दिवशी दीक्षेला पंचवीस वर्षं होत होती. गावोगावची माणसं पांढरे कपडे घालून, निळे झेंडे घेऊन दीक्षाभूमीकडे चालली होती. बायांचे जथेच्या जथे गाणी म्हणत जात होते. बस मुंगीच्या पावलाने सरकत होती.

ईश्वरदास हे सगळं पाहत होता आणि पाहत नव्हताही. बहिणीकडे उशीर होईल, एवढंच त्याच्या मनात होतं. तोंड भरलं. मान वळली.

लगेच खालून आरडाओरड झाली. त्याने खाली पाहिलं. पन्नाशीच्या पुढची एक बाई खिडकीखाली उभी होती. उजव्या खांद्यापासून छातीवरच्या पदरापर्यंत तिच्या पांढऱ्या साडीवर तपकिरी ओघळ उतरत होता. ती ओरडत नव्हती, बाजूच्या बाया ओरडत होत्या. ती फक्त मान वर करून खिडक्यांकडे बघत होती.

ईश्वरदासने डोकं आत घेतलं.

कोणीतरी बसच्या पत्र्यावर थापा मारल्या. बस थांबली. चार-पाच तरुण दारातून आत चढले. "कोनं थुकलं बे? कोनं थुकलं?"

कंडक्टर म्हणाला, "सांगून टाका भाऊ, कोन आहे तो. नाही तं बस पुढं जात नाही."

ईश्वरदासच्या तोंडात खर्रा अजून होताच. बोलायला तोंड उघडलं असतं तर सगळं दिसलं असतं. बोलायचं आहे की नाही, हे ठरवायच्या आधीच त्याने तो घास गिळला. तो घसा भाजत खाली गेला.  तो समोरच्या सीटच्या दांड्याकडे बघत राहिला.

त्याच्या पुढच्याच सीटवर, खिडकीजवळ, खेड्यातला एक म्हातारा बसला होता. डोक्याला मळका फेटा, मांडीवर गाठोडं. तो तळहातावर तंबाखू मळत होता. तरुणांना तोच दिसला.

"हा पाहा! हातात तंबाखू आहे ह्याच्या!"

"मी नाही बापा, मी तं आता मळूनच राहिलो," म्हातारा म्हणाला. पण त्याला दंडाला धरून उठवलं होतं. गाठोडं खाली पडलं. कोणीतरी ते उचलून त्याच्या अंगावर फेकलं. दारातून उतरवताना त्याला दोन चापटा बसल्या. त्याचा फेटा सुटून गळ्यात आला. कंडक्टरने घंटी मारली आणि बस हलली.

बहिणीच्या घरी ईश्वरदासने आपट्याची पानं दिली, पाया पडून घेतलं, आणि मागच्या अंगणात जाऊन ओकला. बहिणीला वाटलं, उन्हाचं झालं असेल. तिने कांदा हुंगायला दिला.

घरी येताना त्याने स्वतःची समजूत घातली. एवढ्या गर्दीत कोण कोणाला ओळखतं? साडीच तर आहे, धुतली की निघेल. म्हाताऱ्याला दोनच तर चापटा बसल्या. खर्रा बहिणीच्या अंगणात ओकला होता, तरी संध्याकाळी घराजवळच्या ठेल्यावर त्याने दुसरा घेतला.

पाच दिवसांनी ती बाई दुकानात आली.

ईश्वरदासने तिला लगेच ओळखलं. ती साधी निळी साडी नेसून होती. पायरीवर चपला काढून ती गादीच्या टोकाला बसली आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली साडी काढली.

"भाऊ, तुमी कोष्टी आहा म्हणे. बाजूच्या दुकानवाल्यानं सांगतलं, तुमाले कापडातलं समजते. हा डाग कसा निघंन, तेवढं पाहता का? दोन धोब्यायनं नाही म्हटलं."

ईश्वरदासच्या गालात खर्रा होता. त्याने हाताने 'थांबा' अशी खूण केली, मागच्या बोळात गेला, थुंकला, चूळ भरली आणि परत आला. एवढ्या वेळात त्याला तिला सांगता आलं असतं. तो साडी उलगडू लागला.

साडी हातमागाची होती. नागपुरी सूत, चाळीस नंबरी असावं. किनार अगदी बारीक, पांढऱ्यावर पांढरी. पदराशी दोन ठिकाणी धागा सांधलेला त्याच्या बोटाला लागला. असं कापड आता कोणी विणत नव्हतं. छातीवरच्या भागात वीतभर लांब तपकिरी डाग पसरला होता.

"जुनी आहे," तो म्हणाला.

"पंचवीस वर्षं झाले. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घेतली होती माह्या मालकानं. पांढरं कापड तेव्हा गावात कुठं भेटत नव्हतं, इतकी गर्दी. ते तीन दिवस फिरले हिच्यासाठी. आता ते नाहीत. मी वर्षातून एकदाच नेसतो हिले, दसऱ्याले." ती थांबली. "अवंदा कोनं तरी बसमधून थुंकलं."

"हो?" ईश्वरदास म्हणाला.

"बिड्या वळून जिंदगी गेली माही. तंबाखूचा वास मले नवा नाही. पण हा वास जातच नाही नाकातून."

"ठेवून जा," तो म्हणाला. "आठ दिवसांनी या. पाहतो मी."

तिने हात जोडले. नाव सांगितलं, इंदूबाई. राहायला इंदोऱ्यात. "लय उपकार होतील भाऊ," म्हणून ती पायरी उतरली. तिच्या त्या जोडलेल्या हातांकडे ईश्वरदासला बघवलं नाही. त्याने शेजारचं थान उचलून उगाच घडी मोडली आणि पुन्हा घातली.

साडी त्याने घरी नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात परात घेऊन बसला. लिंबू आणि मीठ लावून पाहिलं. दह्यात भिजवून पाहिलं. रिठ्याचं पाणी केलं. ब्लिचिंग पावडर त्याने हातात घेऊन परत ठेवली, कारण एवढं जुनं सूत तिने खाल्लं असतं. डाग थोडा पसरला आणि फिका झाला, गेला नाही.

त्याची बायको वच्छला चुलीशी बसून हे सगळं पाहत होती. कधी स्वतःची बंडीसुद्धा न धुणारा माणूस तीन दिवस एक साडी धूत होता.

"कोनाची आहे?" तिने विचारलं.

"गिऱ्हाइकाची."

"काय सांडलं?"

"माहीत नाही."

वच्छला उठून आली. तिने डाग उजेडात धरला, अंगठ्याने चोळला. "हा निघत नाही," ती म्हणाली. "सुपारीचा आहे. वीस वर्षांपासून तुमच्या सदऱ्याच्या बाह्या अन् उशीचे अभ्रे धुऊन राहिली मी. मले माहीत नाही का हा डाग?"

ईश्वरदास परातीतलं पाणी बदलू लागला. तिने पुढे विचारलं नाही. पण जाताना तिने एकदा त्याच्या गालाकडे पाहिलं, आणि गालात खर्रा नसतानाही त्याचा हात तिथे गेला.

त्या दिवशी त्याने खिशातली पुडी नालीत फेकली. आता बस, असं ठरवलं. पहिला दिवस निघाला. दुसऱ्या दिवशी डोकं इतकं दुखलं की एका गिऱ्हाइकाला त्याने हिरव्याऐवजी निळं कापड फाडून दिलं. तिसऱ्या दिवशी जेवताना भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्याने ताट सरकवलं आणि वच्छलेला नको ते बोलला. चौथ्या दिवशी तो गिरिधरच्या ठेल्यावर उभा होता.

"चार दिवस कुठं होता गा?" गिरिधरने विचारलं.

"बरं नव्हतं," ईश्वरदास म्हणाला.

तेव्हापासून तो चोरून खाऊ लागला. वच्छलेला वाटावं सुटलं, म्हणून घराच्या वळणाआधी थुंकायचा, नळावर चूळ भरायचा, लवंग चावायचा. एका सकाळी सदरा धुवायला घेताना तिला खिशात पन्नीचा बोळा सापडला. तिने तो त्याच्यासमोर पाटावर ठेवला आणि कपडे धुवायला निघून गेली. ती रागावली असती तर त्याला भांडता आलं असतं.

दरम्यान, ठरल्याप्रमाणे आठ दिवसांनी इंदूबाई आली होती. तो म्हणाला, "अजून थोडे दिवस लागतील बाई." ती पुन्हा आली तेव्हा त्याने सांगितलं की एका जाणकाराकडे दिली आहे. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तो तिला लांबूनच पाहून मागच्या बोळात गेला आणि ती जाईपर्यंत त्या तपकिरी भिंतीसमोर उभा राहिला. आत ओमप्रकाश शेठ तिला सांगत होता, "पराते इथंच होता बाई, आता कुठं गेला बुवा." ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "काही हरकत नाही. त्यायले म्हणा, डाग नाही निघाला तरी चालंन, साडी तेवढी द्या."

हे शब्द त्याने बोळातून ऐकले. समोर भिंत होती. ह्या दुकानातल्या बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने ती वरपासून खालपर्यंत पाहिली. वाळलेल्या थरांवर थर, त्यांवर माश्या. हे एकट्याचं काम नव्हतं, पण त्याचं नव्हतं असंही नव्हतं.

रविवारी तो इंदोऱ्याला गेला. पिशवीत ती साडी होती आणि दुकानातून घेतलेली एक नवी पांढरी साडी. विचारत विचारत घर सापडलं. दोन खोल्यांचं, पुढे छोटासा ओटा आणि त्यावर वाळत घातलेली मिरची. इंदूबाईने त्याला आत बसवलं. लतिका नावाच्या तिच्या सुनेने पाण्याचा गिलास आणून समोर ठेवला.

ईश्वरदासच्या घशाला कोरड पडली होती. पण मनात एकच होतं: आधी सांगायचं. ह्या घरचं पाणी पिऊन मग सांगणं त्याला जमणार नव्हतं. गिलास तसाच राहिला.  लतिका दारात उभी राहून गिलासाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा बदलला होता.

"पाणी चालत नसंन तं तसं सांगा," ती म्हणाली.

ईश्वरदासला कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम झालं. ती काय समजली होती ते त्याच्या आत्ता ध्यानात आलं. त्याने घाईने गिलास उचलला आणि एका दमात रिकामा केला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. "तसं नाही वं माय," तो म्हणाला, "तसं काही नाही. मी... बाई, ते थुंकणारा मी होतो."

"कोन?" इंदूबाईने विचारलं.

"बसमधला. दसऱ्याचा. खिडकीत मी होतो."

बाहेर कोणाचा तरी रेडिओ चालू होता. इंदूबाईने मांडीवरचे हात हलवले नाहीत.

"मुद्दाम?" तिने विचारलं.

"नाही! नाही बाई, लेकरांची शपथ. मी पाहिलंच नाही."

"आमी पन्नास बाया होतो. पांढऱ्या साड्या, झेंडे, गाणे म्हणून राहिलो होतो. अन् तुले दिसलो नाही?"

'तुमी' जाऊन 'तू' झालं होतं. ते बरोबरच होतं, असं ईश्वरदासला वाटलं.

"सवय आहे बाई. थुंकताना मी पाहतच नाही."

 इंदूबाई सावकाश बोलू लागली. "माह्या माहेरी, गावात, एक माणूस होता. आमी बाया पाण्याले जाताना दिसलो का तो ओट्यावरून थुंके. रोज. त्याचा लय राग ये मले. तुह्याबी बाबतीत मले तेच वाटलं होतं. आमी त्या मैदानावर चाललो म्हणून कोणी जळून थुंकलं, असंच वाटलं सगळ्या बायायले. रात्री मी रडली, पण मनात एक होतं, का ह्यायले आता आमचं पुढं जाणं दिसते, म्हणून जळतात." ती थांबली. "त्या थुंकणाऱ्याले निदान आमी दिसत तं होतो. तुले आमी दिसलोच नाही. आता तुह्यावर मी राग तरी कसा करू, सांग."

 ईश्वरदासने पिशवीतून डागाची साडी काढून तिच्यापुढे ठेवली. "नाही निघाला," तो म्हणाला. मग नवी साडी काढली. "ही..."

"ते घेऊन जा," इंदूबाई म्हणाली. "अन् तो बुढा? त्याले उतरवलं पोरायनं. मी म्हणत होती, अरे सोडा, थुंकणाऱ्याची बाही मी पाहिली, ह्याच्या बाहीचा रंग वेगळा आहे. कोणी ऐकलं नाही. तो रस्त्याच्या कडेले बसून फेटा गुंडाळत होता अन् थरथरत होता. मी त्याले पाणी दिलं. तू कुठं होता तेव्हा?"

"बसमध्ये."

"त्याले काय देशील? साडी?"

लतिका दारातून म्हणाली, "आई, जाऊ द्या ह्यायले. काहून बोलून राहिल्या?"

"माफ करा बाई," ईश्वरदास म्हणाला. 

"माफी आज नाही देत," इंदूबाई म्हणाली. "पुढचं मले माहीत नाही. तू आला, हे बरं केलं. आता जा."

तो बाहेर पडला. बसस्टॉपवर उभा राहिला. मनात तिचे शब्द तसेच घुमत होते. दहा मिनिटं झाली असतील. तोंडात काहीतरी कडू-तिखट उतरलं तेव्हा तो दचकला. गालात खर्रा होता. डाव्या हातात उघडी पन्नी होती. कधी खिशात हात गेला, कधी पुडी सुटली, कधी चिमूट तोंडात गेली, त्याला काहीही आठवेना. त्या घरातून निघून दहा मिनिटं!

तो भ्याला. आजवर त्याला वाटत होतं, आपण खर्रा खातो. त्या क्षणी वाटलं, खाणारा दुसराच कोणी आहे, त्याचा हात आपल्या खांद्याला जोडलेला आहे. थुंकायला त्याने खाली पाहिलं, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. कुठेच थुंकवेना. शेवटी त्याने नव्या साडीवरचा कागद काढला, त्यात थुंकला, कागदाची पुडी केली आणि ती हातात धरून तांडापेठेपर्यंत चालत आला.

घरी वच्छलेला त्याने सगळं सांगितलं. दसरा, बस, म्हातारा, दुकान, दोनदा मारलेली थाप, बोळात लपणं, आणि बसस्टॉप. ती तांदूळ निवडत होती. सुपातला हात थांबला.

"त्या बुढ्याले मार पडला अन् तुमी बसून राहिले?" तिने विचारलं.

"हो."

 तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "आता सोडतो म्हणून शपथ खाऊ नका. तुमच्या शपथा मी पाहिल्या. तुमचं मन काय म्हणते ते तुमच्या हाताले ठाऊकच नाही. आधी हाताले सांगा."

तिने सुईदोरा घेतला, दांडीवरचे त्याचे चारही सदरे काढले, आणि प्रत्येक खिशाचं तोंड शिवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात पहिल्या तासातच त्याचा हात सात वेळा खिशाकडे गेला. प्रत्येक वेळी बोटं टाक्यांवर आपटली आणि तो जागा झाला. इतक्या वेळा हात जातो हे त्याला आजवर माहीतच नव्हतं. गिऱ्हाईक भाव पाडू लागलं की जायचा. शेठ रागावला की जायचा. काहीच काम नसलं तर सगळ्यात जास्त जायचा. संध्याकाळी वच्छला विचारायची, "किती वेळा?" तो खरा आकडा सांगायचा. एकोणचाळीस. चौतीस. एक्केचाळीस.

ओमप्रकाश शेठच्या ते नजरेत आलं. "काय पराते, खिसा शिवून घेतला का गा? वहिनीनं पगार लपवला काय?" बाकीचे नोकर हसले. ईश्वरदासने खरं कारण सांगितलं. खर्रा सोडायचा आहे, एवढंच. बसचं तो सांगू शकला नाही. लोक महिनाभर चेष्टा करत होते. गिरिधरला त्याने स्वतः जाऊन सांगितलं, "मी मागितला तरी देऊ नको." गिरिधर 'हो' म्हणाला, आणि पंधरा दिवसांनी त्याने मागितला तेव्हा दिला. तेव्हापासून तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जाऊ लागला.

तलफ यायची तेव्हा तो माठातलं पाणी प्यायचा. कधी दुकानातल्या सुताचा तुकडा घेऊन मागावर करायचा तशी गाठ मारायचा, सोडायचा, पुन्हा मारायचा. बसमध्ये तो खिडकीजवळ बसत नसे. मार्च महिन्यात रामटेकला एका लग्नात मांडवात पुडी फिरली, आणि त्याने घेतली. तिथल्या हळदीच्या गडबडीत कोणाला कळलंही नसतं. घरी आल्यावर वच्छलेने विचारलं, "किती वेळा?" तो म्हणाला, "बारा वेळा. अन् एकदा खाल्ला." ती "बरं" म्हणाली आणि ताट वाढायला गेली.

उन्हाळ्यात त्याने दुकानामागची भिंत घासून काढली. रविवारी, एकट्याने, तारेच्या ब्रशने. वर चुना मारला. पंधरा दिवसांत ती पुन्हा तपकिरी झाली. तो कोणाला काही बोलला नाही. बोलायचा अधिकार आपल्याला आहे, असं त्याला वाटत नव्हतं.

नातेवाइकांत आता त्याचं कौतुक होऊ लागलं. बहीण म्हणायची, "माह्या भावानं सत्तावीस वर्षाची सवय सोडली." असं कोणी म्हटलं की तो उठून बाहेर जायचा. बहिणीला वाटायचं, लाजतो. लाजतच होता, पण तिला वाटायचं तसा नव्हे. अजनीकडे जाताना रस्त्यात एखादा फेटेवाला म्हातारा दिसला की तो थांबून चेहरा पाहायचा. त्या दिवशी त्याने त्या म्हाताऱ्याची फक्त पाठ पाहिली होती. तो समोर आला असता तरी ओळखू आला नसता.

पुढच्या दसऱ्याला आठ दिवस असताना दुकानात गर्दी होती. ईश्वरदास मांजरपाट मोजत होता. मान वर केली तर इंदूबाई पायरीवर चपला काढत होती. सोबत नात होती, सात-आठ वर्षांची. दुकानात दुसरे दोन नोकर मोकळे होते. इंदूबाई त्यांना ओलांडून त्याच्याच समोर येऊन बसली.

"हिच्या फ्राकसाठी पांढरं दाखव," ती म्हणाली.

त्याने तीन प्रकार काढले. तिने बोटाने चाचपले. "हे पातळ आहे."

"हो, हे एका धुण्यात आटंन," तो म्हणाला. "हे घ्या. जरा जाड आहे, पण टिकंन."

"दोन मीटर पुरंन?"

"पुरंन."

तो मोजू लागला. त्याचा सदरा तिच्या समोरच होता. शिवलेल्या खिशाकडे, मग त्याच्या रिकाम्या गालाकडे तिचं लक्ष गेलं.

"सुटलं का?" तिने विचारलं.

त्याच्या हातातली मोजपट्टी थांबली. आजूबाजूला माणसं होती, शेठ गल्ल्यावर होता. 'सुटलं' म्हणणं फार सोपं होतं.

"पूर्ण नाही," तो म्हणाला. "वर्षभरात चारदा खाल्ला. शेवटचा पोळ्याले. हात अजून जाते."

"हं," इंदूबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. तिने नातीला पुढे ओढलं. "हिची उंची पाह्य बरं एकदा. लवकर वाढून राहिली पोरगी. अडीचच फाड."

ईश्वरदासने गादीवरून खाली उतरून पोरीच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत टेप धरला. मग कापडाला कात्रीची खूण केली आणि अडीच मीटर फाडून दिलं.